गप्प चोराचा भिडू

मित्रांनो, मी एक जुना, डावीकडे कलणारा कंट्रोलर आहे. टीव्हीवरचे खेळ खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. एके काळी मी लालभडक होतो. आता जिथे अंगठे टेकतात तिथे विटकरी झालो आहे. माझी डावी दांडी मोकळी सोडली तरी सरळ उभी राहत नाही. ती किंचित झुकते आणि पडद्यावरचा खेळातला चोर कोणी न सांगता डावीकडे चालू लागतो. या खोडीपायी मी आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली, पण ती खोड मला कोणाच्या हातून लागली ते ऐकलेत, तर तुम्हीही मला फेकून देणार नाही.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. सरकत्या पट्ट्यावर कोणीतरी माझी बटणे दाबून पाहिली, पोटातली छोटी मोटर थरथरते की नाही ते पाहिले आणि मला खोक्यात घातले. मग जहाज, मग बराच काळोख, आणि डोळे उघडले ते केप ब्रेटन बेटावरच्या एका दुकानात. नाताळ जवळ आला होता. लालबुंद गालांची एक ठेंगणी बाई आली. ती पेगी गिलिस. लेकीसाठी, फ्लोरासाठी, तिने खेळाचे यंत्र घेतले होते आणि त्याच्याबरोबर एक निळा कंट्रोलर मिळतच होता. तरी तिने मला वेगळा उचलला.

दुकानदार म्हणाला, "एका पोरीला एक पुरतो की."

"एकटीनं खेळून पोर घुमी होते," पेगी म्हणाली. "घरात एक घुमा आहे तेवढा बास झाला."

तो घुमा म्हणजे तिचा नवरा मर्डॉक. त्यांच्या ग्लेस बे गावात गिलिस आडनावाची माणसे इतकी, की टोपणनाव लावल्याशिवाय कोणाचा पत्ता लागत नाही. एक तांबडा मर्डॉक, एक मेंढीवाला मर्डॉक आणि आमचा तो गप्प मर्डॉक. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारा ट्रक तो चालवायचा. त्या कामात बोलायची गरज पडत नाही. घरी आल्यावरही तो ट्रकमध्येच बसल्यासारखा गप्प असायचा.

फ्लोराचा सर्वांत लाडका खेळ चोरांचा होता. त्यात दोन चोर असतात. लांबू छपरांवर चढतो आणि बुटकी झरोक्यांतून आत शिरते. श्रीमंतांनी गरिबांच्या ज्या वस्तू लाटल्या, त्या त्यांच्या घरांतून परत आणायच्या. मारामारी करायची नाही. सावलीत दबून बसायचे, कंदील घेऊन फिरणाऱ्या गस्तवाल्याची पाठ वळली की चोरपावलांनी सटकायचे. खेळ भलता कठीण होता. एक फळी करकरली, सावलीचे टोक जरी उजेडात आले, की गस्तवाला ओरडतो, मी हातात थरथरतो आणि दोघांनाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

फ्लोरा निळा घेऊन बुटकी व्हायची आणि पेगी मला घेऊन लांबू. पेगी चोर म्हणून अगदी कुचकामी होती. गस्तवाला दिसला की ती किंचाळायची आणि माझी दांडी डावीकडे दाबून पळत सुटायची. उजवीकडे दार उघडे असले तरी डावीकडेच! मग मायलेकी पोट धरधरून हसायच्या. वर्षानुवर्षे तिच्या अंगठ्याने अशी दांडी दाबून दाबून मी डावीकडे कललो तो कायमचाच. मर्डॉक मागच्या खुर्चीत बसून हे बघायचा. खेळायचा मात्र नाही.

त्याचा खेळ वेगळा होता. त्या गावात टार्बिश नावाचा पत्त्यांचा डाव चालतो. चौघे बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू. हुकमाचा गुलाम सगळ्यांत मोठा आणि त्याच्या खालोखाल हुकमाची नव्वी. दर गुरुवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये टेबले मांडली जात. मर्डॉक आणि पेगी ही तिथली नावाजलेली जोडी. टार्बिशचा एक कडक नियम आहे: डाव चालू असताना भिडूशी बोलायचे नाही. भुवईसुद्धा उडवायची नाही. मर्डॉक हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळायचा. आपण दोघे एक शब्द न बोलता एकमेकांचे मन ओळखतो, याचा त्याला मोठा अभिमान होता.

मग पेगी आजारी पडली आणि वसंत यायच्या आत गेली.

त्यानंतरचे माझे दिवस टीव्हीखालच्या फळीवर गेले. माझ्या अंगावर धूळ बसली. मर्डॉकने गुरुवारी हॉलवर जाणे सोडले. दुसऱ्या कोणाच्या समोर भिडू म्हणून बसणे त्याला जमेना. फ्लोरा तोवर मोठी झाली होती, वेल्डिंग शिकली होती आणि बोटींच्या कारखान्यात मिळेल तसे काम करत होती. संध्याकाळी दोघे समोरासमोर जेवत. काट्या-सुऱ्यांचा आवाज यायचा, बाकी काही नाही. फळीवरून ते ऐकताना मला पेगीच्या किंकाळ्यांची फार आठवण यायची.

एके दिवशी फ्लोराने मला उचलले, बाहीने पुसले आणि सरळ बापाच्या हातात ठेवले. "आईचा आहे," ती म्हणाली. "धर. मला भिडू पाहिजे."

त्याचे हात पेगीच्या हातांहून दुप्पट होते. अंगठे राठ, पण बटणांवर पडायचे ते अलगद. तो लगेच शिकला. दांडीची खोड ओळखून तो तिला सतत थोडे उजवीकडे रेटून धरू लागला. मध्येच फ्लोराने त्याच्यासाठी नवा कोरा कंट्रोलर आणला. मर्डॉकचा अंगठा सवयीने उजवीकडे रेटत राहिला आणि लांबू छपराच्या कडेवरून थेट खालच्या कारंज्यात पडला. तीनदा पडला. मर्डॉकने काही न बोलता नवा खोक्यात घातला आणि मला परत घेतले. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो मी कोणाला सांगू शकलो नाही. मला फक्त थरथरता येते, तेही गस्तवाला ओरडला तरच.

अशी आमची घरांमागून घरे लुटून झाली. अडलो ते शेवटच्या घरी. एका सावकाराने कोळ्यांच्या चर्चच्या शिखरावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा सोन्याचा कोंबडा पळवून आपल्या नाचघरात ठेवला होता. तो परत आणला की खेळ संपतो. नाचघराच्या अर्ध्याअधिक फळ्या करकरणाऱ्या. बुटकीला पाऊल टाकताना नजर फळ्यांवरून हलवता येत नाही. गस्तवाले पडद्यांमागून कधी येतात ते फक्त छपरावरच्या काचेतून लांबूला दिसते. म्हणजे लांबूने बघायचे, सांगायचे, आणि बुटकीने त्याच्या शब्दावर विसंबून चालायचे.

आणि आमचा लांबू बोलेना.

त्या गावात दार कोणी ठोठावत नाही. ठोठावतो तो पोलीस, नाहीतर मते मागणारा. पेगीची बहीण टेसी तर दार उघडायच्या आधीच बोलायला लागायची. एका दुपारी ती फिशकेकचे, म्हणजे माशांच्या तळलेल्या वड्यांचे, भांडे घेऊन आत आली.

"काय गं, अजून त्याच घरात चोरी? एवढ्यात खरी बँक लुटून झाली असती!"

"बाबाला सांग, मावशी," फ्लोरा वैतागून म्हणाली. "वरून सगळं दिसतंय त्याला. गस्तवाला कुठून येतोय, कुठं वळतोय. तोंडातून ब्र काढत नाही."

"डाव मांडला की बोलायचं नसतं," मर्डॉक म्हणाला.

"बाबा, हा टार्बिश नाहीये. आपण चोऱ्या करतोय!"

"करतोय ना. पण सरळपणानं करतोय."

"ऐका आता!" टेसी कपाळावर हात मारून म्हणाली. "मर्डॉक, तू चोर आहेस रे. बिशप नाहीस."

मर्डॉकने एक फिशकेक उचलला आणि पुढची चोरी सुरू केली. त्या दिवशीही आम्ही पकडले गेलो.

त्याच आठवड्यात फ्लोराला फोन आला. देशाच्या पलीकडच्या टोकाला, अल्बर्टात, एका मोठ्या कारखान्यात वेल्डरची जागा होती. पक्की नोकरी. तिकडे गावातली निम्मी पोरे आधीच गेलेली. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचे होते. मर्डॉक कामावर होता. फ्लोरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या बॅटऱ्या बदलत होती आणि टेसी चहात डब्यातले दूध ओतत होती, म्हणून सगळे बोलणे माझ्या कानावर पडले.

"जा की मग! विचार कसला करतेस?" टेसी म्हणाली. "इथं हिवाळाभर बोटी काठावर. तू काय, खिळे मोजत बसणार?"

"आणि बाबा? मी गेल्यावर तो दिवसात एक शब्द बोलणार नाही. जिना उतरताना पडला तर पडून राहील, पण शेजाऱ्याला हाक मारणार नाही. तुला माहितीय तो कसा आहे."

"तू बोललीस का त्याच्याशी?"

"नाही. मी ठरवलंय." तिने माझे झाकण घट्ट बसवले. "त्या नाचघरात त्यानं मला एकदा जरी हाक मारली ना, थांब म्हणाला, पळ म्हणाला, काहीही, तर मी जाईन. ज्याला हाक मारता येते त्याची मला काळजी नाही. नाही मारली, तर सोमवारी नाही म्हणून कळवून टाकीन."

"खेळावर आयुष्य ठरवतेस होय गं?"

"मग कशावर ठरवू? घरात दुसरं काही बोलणं होतंय का आमचं?"

मित्रांनो, तुम्हीच सांगा, मी काय करणार होतो? उद्या ज्याच्या हातात जायचे, त्याला सांगण्यासारखी गोष्ट माझ्या पोटात होती आणि ती सांगायला होती फक्त एक मोटर.

रविवार उजाडला तो बर्फ घेऊन. मर्डॉकने पहाटेपासून रस्ते मोकळे केले, दुपारी घरी येऊन बीन्स आणि पाव खाल्ला आणि मला हातात घेतले. टेसी खिडकीशी विणायला बसली. फ्लोराने निळा घेतला. आम्ही नाचघरात शिरलो.

बुटकी फळी पाहून पाहून निघाली. काचेतून मर्डॉकला दिसले की डाव्या पडद्यामागून कंदील येतो आहे. त्याने पाहिले हे मला नक्की माहीत आहे, कारण त्याच्या बोटांनी मला असे आवळले की माझा सांधा करकरला. ओठ मात्र मिटलेलेच. गस्तवाला ओरडला. पुन्हा सुरुवात. पुन्हा तोच पडदा, तीच पकड, तेच मिटलेले ओठ. असे किती वेळा झाले कोण जाणे. त्याच्या तळहातांना घाम फुटला होता. असा घाम मी फक्त लबाडी करणाऱ्याच्या, नाहीतर घाबरलेल्या माणसाच्या हाताला पाहिला आहे, आणि मर्डॉक लबाड नव्हता.

शेवटी फ्लोराने निळा खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते. "राहू दे, बाबा. नाही जमत आपल्याला."

टेसीची विणकामाची सुई थांबली. "मर्डॉक गिलिस, तुला तोंड दिलंय देवानं ते फक्त फिशकेक खायला का?"

"मी आणि पेगी," मर्डॉक हळू म्हणाला, "इतकी वर्षं एक शब्द न बोलता जिंकलो. एकमेकांचं मन कळायचं आम्हाला. फ्लोराला पण कळेल. वेळ लागेल जरा."

"मन?" टेसी उठून उभीच राहिली. "अरे बाबा, ती खोकायची!"

"तिची छाती नाजूक होती."

"फक्त गुरुवारी? हुकमाचा गुलाम हातात आला की एकदा खोकायची. नव्वी आली की दोनदा. अख्ख्या हॉलला ठाऊक होतं, तुला सोडून!"

मर्डॉकचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "मी तिला दर हिवाळ्यात खोकल्याचं औषध आणायचो," तो म्हणाला.

"खिडकीतल्या कुंडीत ओतायची. म्हणून ते जिरॅनियम तसं फोफावलं होतं."

"मग कोणी बोललं का नाही? इतकी वर्षं?"

टेसीचा आवाज जरा मऊ झाला. "कोण बोलणार? जिंकलास की घरी जाताना शीळ घालायचास तू. वर्षाकाठी तेवढाच तुझा आवाज गावाच्या कानावर पडायचा. आम्ही म्हटलं, खोकू दे तिला. ती जन्मभर तुझ्याशी बोलत होती रे, मर्डॉक. आणि तुला वाटायचं, तुम्ही दोघं गप्प आहात."

मर्डॉक खाली बघत बसला. मग त्याचे खांदे हलू लागले. मला वाटले तो रडतो आहे, आणि तो रडतही होता, पण हसतही होता. दोन थेंब माझ्या बटणांवर पडले. मला पाण्याचे वावडे आहे, तरी मी तक्रार केली नाही.

"लबाड बाई," तो म्हणाला. "लबाड, लबाड बाई." मग नाक पुसून म्हणाला, "फ्लोरा, उचल तो निळा."

मित्रांनो, बंधारा फुटल्यावर पाणी मोजून येत नाही. पहिल्या खेपेला तो इतका बोलला की फ्लोराला हलताच येईना. "थांब! नको, चल! अगं, तिकडून येतोय तो जाड्या! ए जाड्या, मागं हो! फ्लोरा, त्याच्याकडं बघू नकोस, फळीकडं बघ!" फ्लोरा हसून हसून लोळली आणि आम्ही पकडले गेलो. कोणालाच वाईट वाटले नाही.

मग हळूहळू त्याचा आवाज ठिकाणावर आला. "थांब. कंदील गेला. आता चाल. पडद्याजवळ थांब. मी बघतोय, तू घाबरू नकोस. अजून नाही. अजून नाही. पळ!" बुटकी पळाली, झरोक्यातून वर आली, आणि तिच्या काखेत सोन्याचा कोंबडा होता. टेसी अशी ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

फ्लोरा मात्र ओरडली नाही. ती बापाकडे बघत होती. "बाबा, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"अल्बर्टा ना?"

ती थक्क झाली. टेसी घाईघाईने विणायला लागली.

"मावशीकडं रागानं बघू नकोस," मर्डॉक म्हणाला. "या गावात कोणी अंडं उकडलं, तर ते कच्चं राहिलं की पक्कं झालं, ते चार घरांना आधी कळतं. मला फोनच्या दिवशीच कळलं."

"आणि तू काहीच बोलला नाहीस? इतके दिवस?"

मर्डॉकने मला मांडीवर ठेवले. त्याचा अंगठा माझ्या दांडीवरच राहिला. "तोंड उघडलं तर पहिला शब्द 'जाऊ नकोस' असा बाहेर पडेल, याची भीती वाटत होती. म्हणून म्हटलं, उघडायचंच नाही. 'थांब' म्हणायलासुद्धा नको."

फ्लोरा रडायला लागली.

"आता उघडलंच आहे तर सगळं सांगतो," तो म्हणाला. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं. आज वाटतं, उद्याही वाटेल, तू विमानात बसशील तेव्हा तर फारच वाटेल. ते माझं मी बघून घेईन. तू सोमवारी हो म्हणून सांग."

तिने हो म्हणून सांगितले. बर्फ वितळायच्या आत ती गेली. जाताना निळा तिने बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेला. मी मर्डॉकजवळ राहिलो. निरोपाच्या वेळी निळा आणि मी टेबलावर थोडा वेळ शेजारी शेजारी होतो. आम्हाला बोलता येत असते तर काय बोललो असतो, याचा मी अजून विचार करतो.

माझे आता वय झाले आहे. एक बटण अडकते, बॅटरीचे झाकण चिकटपट्टीने धरले आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांचे मागणे फार नसते. जॅमचे हात पुसून आम्हाला धरा. हरलात तर भिंतीवर फेकू नका, हरण्यात आमचा वाटा असला तरी. आणि आम्ही झिजलो म्हणून टाकून देण्याआधी, कोणाच्या हातांनी झिजलो ते एकदा आठवून पाहा. एक मागणे माझ्या धन्याच्या वतीनेही आहे. तुमचा भिडू कितीही जवळचा असला, तरी त्याला मनातले आपोआप कळेल या भरवशावर बसू नका. त्याला सांगा.

दर शनिवारी मर्डॉक कानांवर माइकवाला हेडफोन चढवतो आणि तिकडे स्वतःचे खेळाचे यंत्र घेतलेल्या फ्लोराबरोबर इंटरनेटवरून चोरी करायला बसतो. खेळ तर कधीच जिंकून झाला आहे. आता दोघे चोर एखाद्या छपरावर जाऊन नुसते उभे राहतात आणि बोलत बसतात. तिकडची थंडी, तिचा कडक मुकादम, इकडे टेसीने काय काय ऐकवले, हॉलवर मर्डॉकला मिळालेला नवा भिडू कसा दर डावाला चुकतो. गेल्या शनिवारी बोलण्याच्या भरात गस्तवाला पाठीमागून आला, ओरडला, आणि त्याने दोघांनाही धरून कोठडीत टाकले. मी सगळे बळ एकवटून थरथरलो. मर्डॉकने मला हळूच मांडीवर ठेवले आणि तिला विचारले, "जेवलीस का?"